विरजण चुलीवर ठेवलं त्याची गोष्ट

त्या वर्षी दोन एकर सोयाबीनला जिवाणू संवर्धन लावलंय, असं मी गावभर सांगत होतो. खरं तर मी मेलेली काळी भुकटी लावली होती.

पाकिटं मेमध्येच आणून मोटारीच्या पत्र्याच्या खोलीत टाकली. तिथं दुपारी पान्ह्याला हात लावला तरी चटका बसतो. पेरणीच्या दिवशी ट्रॅक्टरवाल्याची घाई. मग बुरशीनाशक, कीटकनाशक, जिवाणू, सगळं एकाच घमेल्यात कालवून बियाण्याला चोळलं आणि लवकर वाळावं म्हणून ताडपत्रीवर उन्हात पसरलं. ओट्यावरून आई म्हणाली, "विरजण चुलीवर ठेवतात का रे?" मी हसलो.

पंचविसाव्या दिवशी खालची पानं पिवळी पडली. दुकानदार म्हणाला, युरिया टाका. टाकला. आठवड्यात रान हिरवंगार झालं आणि मीही खूश. (वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असत्या, तर दुखणं लोहाचं, तिथं युरियाचा काय उपयोग?)

पुढं फुलोऱ्यात शेजारच्या काकांनी त्यांचं एक रोप खुरप्यानं मातीसकट काढलं आणि बादलीत धुतलं. उपटलं असतं तर गाठी जमिनीतच राहिल्या असत्या. मुळाला मणी ओवल्यासारख्या गाठी. नखानं एक फोडली, आत लालसर गुलाबी. माझ्या रोपाला मोजून चार गाठी, आत हिरवट-पांढऱ्या.

तो गुलाबी रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा, लेगहिमोग्लोबिनचा. हवेत 78 टक्के नत्र असला तरी झाडाला तो थेट घेता येत नाही. गाठीतला जिवाणू तो पकडून देतो, पण त्याचं नत्र पकडणारं विकर प्राणवायूनं बिघडतं. हे गुलाबी द्रव्य प्राणवायू धरून ठेवतं आणि जिवाणूला श्वासापुरताच पुरवतं. गाठीतले हे जिवाणू हॉलंडच्या बायरिंक यांनी 1888 मध्ये वेगळे काढून वाढवले. गंमत अशी, की आमंत्रण झाडच देतं. मूळ मातीत फ्लॅव्होनॉइड नावाची द्रव्यं सोडतं, ओळखीचा जिवाणू त्याला उत्तर देतो, मुळाचा केस वळतो आणि पाहुणा आत शिरतो. ओळख पक्की लागते. सोयाबीनचा जिवाणू ब्रॅडीरायझोबियम, हरभऱ्याचा मेझोरायझोबियम. रब्बीतलं उरलेलं हरभऱ्याचं पाकीट सोयाबीनला चालत नाही.

जिवाणूला पोसायला झाडाला साखर मोजावी लागते. नत्र आयता मिळाला तर ते कशाला खर्च करेल? म्हणजे माझ्या युरियानं उरल्यासुरल्या गाठींचंही काम बंद पाडलं. हिरवं रान पाहून मी फसलो तो इथं.

आता मी बुरशीनाशक आधी लावतो, कीटकनाशक त्यानंतर, आणि ते सुकल्यावर जिवाणू सगळ्यांत शेवटी. दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅमचं एक पाकीट, थंड झालेल्या गुळाच्या पाण्यात कालवून. पाणी बेतानंच. सोयाबीनची साल फार नाजूक, म्हणून चोळायचं नाही. गोणपाटावर हलक्या हातानं खालीवर करायचं, सावलीत सुकवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. पाकिटं माठाशेजारी ठेवतो. भारी रानात पाणी तुंबलं तर गाठी गुदमरतात, त्यामुळे चर आधीच काढून ठेवतो.

तुम्हीही चाळिसाव्या दिवसाच्या आसपास चार ठिकाणची रोपं खणून गाठी फोडून बघा. आणि पाकीट घेताना पिकाचं नाव आणि शेवटची तारीख दुकानातच वाचा. दुकानदारानं ते उन्हात मांडलेलं असेल, तर घेऊच नका.