दोन अकिलीस

प्राचीन ग्रीक महाकवी होमर याच्या ‘इलियड’ काव्यात अकिलीस हा महावीर ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर यास ठार मारतो व त्याचे शव रथामागून फरफटत नेतो. पुढे हेक्टरचा वृद्ध पिता, राजा प्रायम, ते शव मागण्यास शत्रूच्या छावणीत येतो. काव्यात शव परत देण्याची आज्ञा देवराज झ्यूसची असते. हर्मीस देव प्रायमला वाट दाखवतो. २००४ सालच्या ‘ट्रॉय’ चित्रपटात मात्र ना देवाची आज्ञा, ना वाटाड्या. प्रायम एकटाच येतो आणि अकिलीस स्वतःच्या अंतःकरणास स्मरून शव देतो. तथापि होमरचा अकिलीसही प्रायमला पाहून आपल्या पित्याच्या आठवणीने रडतो. आज्ञा देवाची असली, तरी ते अश्रू माणसाचेच होत. मुलांनो, या दोघांत थोर कोण, याचा तुम्हीच विचार करा.