टायरचे आकडे आणि कापलेली वायर

टायरमधला दाब आणि तापमान समोरच्या पडद्यावर दिसावं, ही हौस मला समृद्धी महामार्गाने लावली. विदर्भातली एप्रिलची दुपार, तापलेलं काँक्रीट आणि कडेला फाटलेल्या टायरच्या चिंध्या. माझ्या गाडीत हवा कमी झाल्याचा पिवळा दिवा होता, आकडा मात्र कुठेच नव्हता. अॅक्सेसरीजवाला म्हणाला, "साहेब, सोय आत आहेच, कंपनीने झाकून ठेवलीय. गाडीच्या ओबीडी पोर्टला केबल लावतो, कोडिंग करतो, लगेच चालू."

चालू झालं खरं. चार चाकांचं चित्र उमटलं आणि प्रत्येकाशेजारी दोन आडव्या रेघा! चाकांत दाबाचे सेन्सरच नव्हते. बऱ्याच गाड्यांत हे काम एबीएसच्या सेन्सरवरच भागवतात, आणि ते फक्त चाकांचा वेग मोजतात. हवा उतरलेल्या चाकाचा घेर किंचित घटतो, ते इतरांपेक्षा जास्त फिरतं आणि तेवढ्यावरून दिवा लागतो. अशा यंत्रणेला पीएसआय ठाऊकच नसतो. म्हणून पैसे मोजण्याआधी मॅन्युअल उघडा. हवा भरल्यावर 'दाब सेट करा' असं बटण दाबावं लागत असेल, तर बहुधा तुमचीही गाडी याच जातीची.

मग त्याने व्हॉल्व्हवर बसणारे सेन्सर लावले आणि त्यांचा रिसीव्हर डॅशबोर्डच्या आत बसवून गाडीच्या वायरिंग हार्नेसमधली एक वायर कापून तिला जोडला. ती वायर कायम चालू राहणारी. चावी काढली तरी रिसीव्हर जागाच. गाडी काही दिवस उभी राहिली आणि बॅटरी बसली. सर्व्हिस सेंटरने कापलेली वायर पाहून त्या सर्किटची वॉरंटी नाकारली, आणि त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

तेव्हा हार्नेसला कात्री लावू देऊ नका. पिवळं वेष्टण असलेली वायर तर मुळीच नाही. ती बहुधा एअरबॅगची असते. कोडिंग करायचंच असेल तर आधीच्या मूल्यांचा फोटो काढून ठेवा आणि बॅटरी पूर्ण चार्ज असताना करा. मधेच व्होल्टेज पडलं तर कंट्रोल युनिट निकामी होऊ शकतं.

आकडे दिसू लागले की दुसरा मोह होतो, तो हवा सोडण्याचा. सकाळी २५ अंशांना ३३ पीएसआय भरलेला टायर आतून ५५ अंशांवर गेला, की पडदा ३८ च्या आसपास दाखवतो. हे हवेचं साधं गणित आहे. दारापाशी चिकटवलेल्या पट्टीवरचा दाब थंड टायरचा असतो. तापलेल्या टायरमधून हवा काढली तर थंड झाल्यावर ती कमी पडते. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त तापतो आणि फुटण्याची भीती तिथेच असते.

व्हॉल्व्हच्या टोपीतला सेन्सर रिमच्या बाहेर वाऱ्यात असतो, त्यामुळे त्याच्या तापमानावर फार विसंबू नका. एकच चाक इतरांपेक्षा सतत गरम दिसलं तर मात्र थांबून पाहा. हवा कमी असेल किंवा ब्रेक चिकटत असेल.

माझं मत विचाराल तर सौरपट्टीवर चालणारा सुटा डिस्प्ले घ्या. तो गाडीच्या एकाही वायरीला हात लावत नाही. आणि स्टेपनीत बहुधा सेन्सर नसतोच, तिची हवा महिन्यातून एकदा गेजने तपासा.