काकडीचे धोंडस



पावसाळ्यात महाड-पोलादपूरकडे परसातल्या मांडवावर काकडीचे वेल चढतात. कोवळी काकडी आपण मीठ लावून खातो. एखादी काकडी मात्र पानांआड राहून जाते. ती वाढते, पिवळी पडते, जून होते. बाजारात तिला कोणी विचारीत नाही. मग ती गुरांपुढे पडते. पण जाणती गृहिणी अशी काकडी टाकीत नाही. ती तिचे धोंडस करते. गोव्यात याच पदार्थाला तवसळी म्हणतात.

थंड मुलखात सफरचंदे पिकतात. तिकडचे लोक सफरचंदाच्या फोडींवर पीठ, लोणी, साखर आणि सुक्या मेव्याचा चुरा पसरतात व भट्टीत भाजतात. आपल्याला सफरचंद विकत आणावे लागते. काकडी आपल्या दारची आहे. तांदळाची कणी घरची आहे. वर लावायला कोकणचा काजू आहे.

आधी चव पाहा

काकडीच्या दोन्ही टोकांचा छोटा तुकडा जिभेवर ठेवा. कडू लागला तर थुंकून टाका आणि ती सबंध काकडी फेकून द्या. टोक कापून चोळले, फेस काढला, तरी कडूपणा जाईलच असे नाही. शिजवून किंवा गूळ घालूनही त्यातले विष मरत नाही. गूळ फक्त चव झाकतो. कडू काकडीने उलट्या, जुलाब होतात, पोट दुखते. एका काकडीच्या लोभाने घरचे माणूस आजारी पाडू नये.

साहित्य

आता तुम्हाला वाचता येते, म्हणून मापे लिहून देतो. सगळे एकाच वाटीने मोजा.

काकडीचा कीस, रसासकट : ४ वाट्या
तांदळाची बारीक कणी : २ वाट्या
चिरलेला गूळ : दीड वाटी
ओले खोबरे : १ वाटी
तूप : ३ चमचे
काजूच्या पाकळ्या : मूठभर
मीठ, वेलदोडा, हळदीचे पान

कृती

काकडी सोला, बिया काढा आणि किसा. रस पिळून टाकू नका. कणी एक चमचा तुपावर मंद भाजा. जाड बुडाच्या टोपात कीस, गूळ, खोबरे आणि चिमूटभर मीठ घालून उकळी आणा. मग कणी हळूहळू सोडा व ढवळत राहा. फार घट्ट झाले तर थोडे गरम पाणी घाला. कणी मऊ शिजली की वेलदोड्याची पूड घाला.

दुसऱ्या टोपाला उरलेले तूप लावा, तळाशी हळदीचे पान ठेवा. त्यावर मिश्रण थापा. वरून काजू दाबून बसवा.

आच कशी द्यावी?

नुसती खालून आच दिली तर बूड करपते आणि वरचा भाग ओलाच राहतो. म्हणून चुलीतली लाकडे मागे ओढा. खाली थोडेच निखारे ठेवा. टोपावर लोखंडी तवा झाका व त्यावर जास्त निखारे घाला. झाली आपली भट्टी! पाऊण तासाने काडी टोचून पाहा. काडी कोरडी निघाली, काजू तांबूस झाले, की टोप उतरवा. धोंडस निवल्यावरच वड्या कापा. गरम असता कापले तर मोडते.

निखाऱ्यांतून एक विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. म्हणून बंद खोलीत निखारे ठेवू नका. दार-खिडकी उघडी असू द्या.

आणखी एक. मधुमेह असलेल्या माणसाला गूळ साखरेइतकाच वर्ज्य आहे. "गुळाचं आहे, चालेल," असे म्हणून त्याला आग्रह करू नका.

गणपतीला मुंबईचे चाकरमानी गावी येतात. त्या वेळी वेलावर जून काकडी असतेच. तिची चव पाहा, गोड असेल तर घरात आणा.

प्रश्न

१. कडू काकडीचे काय करावे? का?
२. टोपावर निखारे कशासाठी ठेवतात?
३. कीस ६ वाट्या असेल तर कणी किती घ्यावी?