अक्कलदाढ काढायची आहे? वजन आणि बिल यांचा संबंध किती

वजन जास्त असलेल्या माणसाला कधी कधी दातांच्या दवाखान्यात ऐकावे लागते, ‘तुमची केस रिस्की आहे, अ‍ॅडमिट होऊनच दाढ काढू.’ हो म्हणण्याआधी विचारा, भूल कुठली देणार? जोखीम आणि बिल, दोन्ही बरेचसे त्यावर ठरते.

हिरडीत इंजेक्शन देऊन तेवढीच जागा बधिर केली, तर रुग्ण जागा असतो, श्वास स्वतः घेतो. तिथे नुसत्या वजनाची अडचण फारशी नसते. गाल भरलेले असले की मागची दाढ नीट दिसत नाही, वेळ जास्त लागतो. मुंबई-पुण्यात खासगीत सरळ आलेली दाढ साधारण 1,500 ते 3,000 रुपयांत निघते. हाडात आडवी रुतलेली असेल, तर 5,000 ते 12,000. ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेचे 400 ते 800 वेगळे. खालच्या दाढेची मुळे नसेला टेकलेली दिसली, तर सीबीसीटी, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनसाठी आणखी दोनेक हजार लागतात. ते वाचवू नका. नस दुखावली, तर ओठ आणि हनुवटी बधिर राहू शकते.

गुंगी किंवा पूर्ण भूल देणार असतील, तर मात्र वजन मोजावेच लागते. मान जाड, रात्री मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे अशी लक्षणे असली, की श्वासाला अडथळा येण्याचा धोका खरोखर वाढतो. आपले घोरणे आपल्याला कळत नाही, घरच्यांना विचारा. वजन उतरवण्याची इंजेक्शने चालू असतील, तर तेही भूलतज्ज्ञाला सांगा. या इंजेक्शनांनी पोट उशिरा रिकामे होते. थिएटर आणि भूलतज्ज्ञ धरून बिल 25,000च्या पुढे सहज जाते, आणि बहुतेक आरोग्य विमा पॉलिसी अपघाताखेरीज दातांचा खर्च देत नाहीत. म्हणून अंदाजपत्रक लेखी घ्या.

वजनासोबत मधुमेह असेल, तर पाचेकशे रुपयांची एचबीए1सी, म्हणजे सरासरी साखरेची तपासणी आधी करा. साखर वाढलेली असली, तर जखम चिघळते. सिगारेट तर बंदच हवी, तिने दाढेच्या खड्ड्यातली रक्ताची गुठळी टिकत नाही आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी असह्य कळा सुरू होतात.

बारीक माणसांनीही वजन सांगावे. बधिर करण्याच्या औषधाची कमाल मात्रा किलोवर ठरते, त्यामुळे चारही दाढा एकाच बैठकीत काढायचा आग्रह धरू नये.

खासगी खर्च झेपत नसेल, तर मुंबईत सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय आणि महापालिकेचे नायर दंत रुग्णालय आहे. नागपुरातही शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथे हेच काम खूप कमी पैशांत होते. केसपेपरसाठी सकाळी लवकर जा, चालू औषधांच्या चिठ्ठ्या सोबत ठेवा.