दिवस भरले की नाहीत? : गुरुग्राममधील ‘गर्भिणी’ अभ्यास

गर्भधारणेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी झालेल्या प्रसूतीस अकाली प्रसूती म्हणतात. २०२० मध्ये जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बालके जन्मली. त्यांपैकी ३० लाखांहून अधिक भारतातील होती. आपल्याकडे मात्र दीर्घकाळ भर राहिला तो जन्मवजनाच्या नोंदीवर. अडीच किलोंपेक्षा कमी वजनाचे बाळ लवकर जन्मल्यामुळे लहान आहे, की दिवस भरूनही पोटात पोषण अपुरे पडल्यामुळे, हे वजनकाटा सांगू शकत नाही. पहिल्या बाळाची फुप्फुसे अपक्व असण्याचा धोका असतो. दुसऱ्याच्या बाबतीत दोष अनेकदा वारेत असतो.

वार, म्हणजेच अपरा, हा केवळ गर्भारपणापुरता निर्माण होणारा अवयव होय. दिवस भरताना तिचे वजन सुमारे अर्धा किलो असते. मातेचे व गर्भाचे रक्त तिच्यात मिसळत नाही. पातळ पडद्यातून प्राणवायू व पोषकद्रव्ये गर्भाकडे जातात आणि टाकाऊ द्रव्ये मातेकडे परततात. पहिल्या सुमारे वीस आठवड्यांत वारेच्या पेशी गर्भाशयाच्या नागमोडी रोहिण्यांत शिरून त्या रुंद करतात. हे कार्य अर्धवट राहिल्यास गर्भाची वाढ खुंटते, मातेस प्री-एक्लॅम्पसिया हा घातक रक्तदाबाचा विकार जडू शकतो आणि काही वेळा प्रसूती अकाली करावी लागते. लक्षणे सातव्या-आठव्या महिन्यात दिसली, तरी बिघाडाचे मूळ बरेच आधीचे असते.

म्हणूनच मे २०१५ मध्ये गुरुग्रामच्या नागरी रुग्णालयात सुरू झालेल्या ‘गर्भिणी’ अभ्यासात स्त्रियांची नोंद वीस आठवड्यांच्या आत करण्यात आली. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या या उपक्रमाचे नेतृत्व फरिदाबाद येथील ‘ट्रान्सलेशनल हेल्थ सायन्स अँड टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट’मधील बालरोगतज्ज्ञ डॉ. शिंजिनी भटनागर यांनी केले. प्रसूती बिघडल्यावर मागे वळून कारणे शोधण्याऐवजी, सुरुवातीपासून त्याच स्त्रियांचा प्रसूतीनंतरपर्यंत पाठपुरावा करणे, ही अशा समूह-अभ्यासाची पद्धत. पुढे सुमारे १२,००० स्त्रिया त्यात सहभागी झाल्या. त्यांच्या रक्ताचे, नाळेतील रक्ताचे आणि एरवी टाकून दिल्या जाणाऱ्या वारेचे नमुने जतन करण्यात आले. ज्या हरियाणात सोनोग्राफी यंत्राचे नाव गर्भलिंगनिदानाशी जोडले गेले होते, तेथेच ते यंत्र आठवडे मोजण्यासाठी वापरले गेले, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

गर्भकाळ मोजण्याचा रूढ आधार म्हणजे शेवटच्या पाळीची तारीख. ती नेहमी आठवतेच असे नाही आणि पाळीचे चक्रही सर्वांचे सारखे नसते. पहिल्या तिमाहीत गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजणे अधिक विश्वसनीय. परंतु त्यासाठी प्रचलित असलेले हॅडलॉक सूत्र अमेरिकी स्त्रियांच्या मापांवरून बनलेले. ‘गर्भिणी’तील माहितीवरून भारतीय सूत्र तयार केले असता त्याची अचूकता जुन्या सूत्रांइतकीच आढळली. आश्चर्याची बाब वेगळीच होती. त्याच स्त्रियांमध्ये, मोजण्याची पद्धत बदलताच अकाली प्रसूतीचे प्रमाण ११.२७ ते १६.५ टक्के असे बदलत गेले. कोणती प्रसूती अकाली मानावी याबाबत पाळीची तारीख आणि हॅडलॉक सूत्र यांचे एकमत निम्म्याहून कमी वेळा झाले.

हा फरक केवळ आकडेवारीचा नाही. २०१५ मध्ये सहा देशांतील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नागपूर व बेळगाव ही त्यातील केंद्रे होती. अकाली प्रसूतीची शक्यता असलेल्या मातांना, बाळाची फुप्फुसे पक्व व्हावीत म्हणून, स्टिरॉइडची इंजेक्शने देण्यात आली. अतिशय लहान बाळांचे मृत्यू घटले नाहीत. एकूण नवजात मृत्यू उलट वाढले. इंजेक्शन मिळालेल्या बहुसंख्य मातांची बाळे तेवढी लहान नव्हतीच. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या चाचणीत सोनोग्राफीने आठवडे निश्चित करून, सुसज्ज रुग्णालयांत तेच औषध दिले असता मृत्यू कमी झाले.

अनेक स्त्रिया पहिल्या तिमाहीनंतरच रुग्णालयात येतात. त्यांच्यासाठी मद्रास येथील आयआयटीच्या सहकार्याने ‘गर्भिणी-जीए२’ हे प्रारूप विकसित करण्यात आले. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार त्यातील त्रुटी प्रचलित पद्धतींहून सुमारे तीनपटीने कमी आहे. तरीही उत्तरार्धातील मोजणी गर्भाच्या आकारावरच अवलंबून असते. वारेतील दोषामुळे खुरटलेला गर्भ तेथे वयाने लहान समजला जाण्याचा धोका उरतो. त्यामुळे पहिल्या तीन महिन्यांतील नोंदणी व सोनोग्राफीची जागा कोणतेही सूत्र पूर्णपणे घेऊ शकत नाही.