किण्वपेशीची ढाल

अमरावती-अकोल्याच्या बेकरीत पावाचे पीठ फुगवण्यासाठी यीस्ट, म्हणजेच किण्व, वापरतात हे तुम्हांला ठाऊक आहे. किण्व ही एकपेशीय बुरशी. तिची पेशी मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाएवढी असते. या इवल्याशा पेशीला एक धोका सतत भेडसावतो. तो धोका ऑक्सिजनचा!

ऑक्सिजन तर प्राणवायू. मग त्याचा धोका कसला? श्वसनात ऑक्सिजनचे अखेर पाणी बनते. पण काही रेणूंच्या बाबतीत हे काम अर्धवट राहते आणि सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड असे पदार्थ तयार होतात. ते साठले की प्रथिने, पेशीपटल व डीएनए यांना इजा होते. यालाच ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात.

पेशी यावर काय उपाय करते ते प्रयोगाने पाहू. हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीच करा.

साहित्य : सुके यीस्ट, औषधाच्या दुकानातील ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, दोन परीक्षानळ्या, अगरबत्ती.

कृती : पाव चमचा यीस्ट चार चमचे कोमट पाण्यात कालवा. त्यातील अर्धे द्रावण पाच मिनिटे उकळून थंड करा. एका नळीत साधे व दुसरीत उकळलेले द्रावण, प्रत्येकी २ मिलिलिटर घ्या. दोन्हींत तेवढेच पेरॉक्साइड घाला. नळीला बूच लावू नका.

पहिल्या नळीत भराभर फेस येतो. तिच्या तोंडाशी धुमसती अगरबत्ती धरली तर निखारा अधिक तेजाने फुलतो. म्हणजे तो वायू ऑक्सिजनच. उकळलेल्या द्रावणाला मात्र फेस येत नाही. का बरे? पेशीतील कॅटलेज हे विकर पेरॉक्साइडचे पाणी व ऑक्सिजन असे विघटन करते. विकर हे प्रथिन असल्यामुळे उकळल्यावर ते निकामी होते. जखमेवर पेरॉक्साइड टाकल्यास येणारा फेसही आपल्या रक्तातील कॅटलेजमुळेच येतो.

सुपरऑक्साइडचा समाचार घेणारे विकर वेगळे. सुपरऑक्साइड डिसम्युटेज नावाचे हे विकर मॅकॉर्ड व फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये ओळखले. अकोल्याचे कृषी विद्यापीठ स्थापन झाले तेही याच वर्षी. साल लक्षात ठेवायला सोपे!

आता खरी गंमत पुढेच आहे. किण्वाला आधी पेरॉक्साइडची अल्प, न मारणारी मात्रा दिली, तर थोड्या वेळाने ते एरवी घातक ठरणारी मात्राही सोसते. हे कसे घडते? यॅप-१ नावाचे प्रथिन गावच्या कोतवालासारखे आहे. चावडीत, म्हणजे केंद्रकात, त्याची सतत ये-जा चालते. पेरॉक्साइड वाढले की या प्रथिनातील गंधकाचे अणू एकमेकांशी जोडले जातात, त्याचा आकार बदलतो आणि त्याला केंद्रकाबाहेर पडता येत नाही. तेथे साठून ते संरक्षक जनुकांना जागे करते. त्यांतून थायोरेडॉक्सिनसारखी प्रथिने बनतात. संकट टळल्यावर हेच थायोरेडॉक्सिन यॅप-१ मधील जोड सोडवते व कोतवाल पुन्हा बाहेर पडतो.

वऱ्हाडातील मे महिन्याच्या उन्हाचाही येथे संबंध आहे. उष्णतेचा धक्का बसला तरी किण्वपेशी एक प्रकारचे कॅटलेज जास्त बनवते. एक ढाल, दोन शत्रू!

विचार करा : पहिल्या नळीत फेस आला, एवढ्यावरून पेशी जिवंत आहेत असे म्हणता येईल का? मेलेल्या पेशीतही विकर शाबूत असू शकते. मग जिवंतपणा तपासण्यासाठी कोणता प्रयोग कराल? साखर व कोमट पाणी हाताशी ठेवा, उत्तर सापडेल.