सदाफुली अंगणात असू द्या, पोटात नको

उन्हाळ्यात सकाळी साडेसहाला मी बादली घेऊन अंगणात उभा असतो. दवाखाना उघडण्यापूर्वीचा हा अर्धा तास माझा स्वतःचा. चैत्रात मोगऱ्याला कळ्या धरतात. देवचाफ्याला एक पान नसते, तरी फांद्यांच्या टोकांना फुलांचे झुबके येतात. जास्वंदीचे फूल जेमतेम एक दिवसाचे, पण दुसऱ्या दिवशी दुसरे तयार. मे महिन्यात जमिनीतल्या कांद्यातून मे फ्लॉवरचा दांडा वर येतो आणि त्यावर लाल चेंडू फुलतो. थोड्या दिवसांचा हा पाहुणा पाहण्यासाठी मी वर्षभर थांबतो. सदाफुलीसाठी मात्र कोणी थांबत नाही. ती भिंतीच्या भेगेतही उगवते, पाणी घातले नाही तरी फुलते. आजचा लेख तिच्याविषयी आहे.

गेल्या वर्षी एप्रिलअखेर आमच्या गावातील एक निवृत्त गुरुजी पाय दाखवायला आले. तळव्याला रुपयाएवढा फोड येऊन फुटला होता. तो कधी आला हे त्यांना सांगता येईना. फरशीवरचा डाग पाहून काकूंच्या ते लक्षात आले. उपाशीपोटी साखर निघाली २८६. वर्षानुवर्षे दोन गोळ्यांवर ज्यांची साखर ताब्यात होती, त्यांची ही गत पाहून मी विचारले, "गुरुजी, गोळ्या चालू आहेत ना?"

गुरुजी गप्प. काकूच बोलल्या, "कसल्या गोळ्या, डॉक्टरसाहेब! दीड महिना झाला, रोज सकाळी सदाफुलीची पाच पानं चावून खातात. गोळ्या डबीत तशाच आहेत."

वाचकहो, असे गुरुजी प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांना हसण्याचे कारण नाही, कारण ही समजूत जुनी आहे आणि केवळ आपल्याकडचीच नाही. सदाफुली मूळची मादागास्कर बेटावरची. जमैकातही मधुमेहावर तिच्या पानांचा काढा घेत असत. १९५२ च्या सुमारास तिथून काही पाने कॅनडातील एका डॉक्टरांकडे आली. त्यांनी ती आपले संशोधक बंधू रॉबर्ट नोबल यांना दिली. नोबल व चार्ल्स बिअर यांनी पांढऱ्या उंदरांवर प्रयोग केले. साखर काही उतरेना. परंतु अर्क टोचलेले उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले. त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या होत्या, असे तपासणीत आढळले.

पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे शिपाई. त्या कमी करणारे द्रव्य निरोगी माणसाला घातकच, पण रक्ताच्या कर्करोगात याच पेशी बेसुमार वाढतात. तेथे या गुणाचा उपयोग झाला. १९५८ मध्ये विनब्लास्टिन वेगळे केल्याचे प्रसिद्ध झाले, पुढे व्हिनक्रिस्टिन आले. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही वापरतात. शेकडो किलो वाळलेली पाने घ्यावीत तेव्हा कुठे हाती एक ग्रॅम औषध लागते. ते शिरेतून, मोजून, रक्त तपासत देतात. "सदाफुलीपासून औषध बनते" हे खरे आहे. मात्र ते औषध साखरेचे नव्हे. पाने चावल्याने माणसाचा मधुमेह ताब्यात राहतो, याला भरवशाचा पुरावा नाही. उलट्या, जुलाब मात्र होऊ शकतात. आणि सर्वांत मोठे नुकसान पानांनी होतच नाही. ते होते डबीत पडून राहिलेल्या गोळ्यांनी.

आता गुरुजींच्या पायाकडे येऊ. त्यांना फुलझाडांचा नाद. दुपारी दोनला ते अनवाणी अंगणात गेले, शहाबादी फरशीवर उभे राहून मोगऱ्याच्या कळ्या मोजल्या आणि परत आले. तुम्ही-आम्ही पहिल्याच पावलाला उडी मारली असती. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात पायाच्या नसांची जाणीव मंदावते. फरशी तापली आहे हा निरोप मेंदूला पोचतच नाही. त्यात साखर वाढलेली असली तर जखम लवकर भरत नाही.

म्हणून मी मधुमेही मंडळींना गुलबक्षीचे घड्याळ लावून दिले आहे. गुलबक्षी उन्हे कलल्यावर उमलते आणि सकाळी ऊन चढू लागले की मिटते. ती उघडी असेल तेव्हा आपण बाहेर, ती मिटली की आपण घरात. (विदर्भातल्या वाचकांनी ती उमलल्यावरही तासभर थांबावे.) पायात मागे पट्टा असलेली, बंद पुढ्याची मऊ चप्पल हवी. घालण्यापूर्वी ती झटकावी, आत खडा किंवा विंचू नाही ना पाहावे. रात्री झोपताना तळवे आरशात पाहावेत किंवा घरच्यांना दाखवावेत. फोड दिसला तर फोडू नये, हळद-चुना लावू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. बागेत काम करताना घोटघोट पाणी प्यावे, तहान लागण्याची वाट पाहू नये. कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा घासून कोरड्या कराव्यात. नुसते पाणी ओतून देऊन भागत नाही, डासांची अंडी कडेला चिकटून राहतात.

अंगणात कण्हेर वा पिवळी बिट्टी असेल तर आणखी एक सांगतो. सुट्टीत नातवंडे येतात आणि बिट्टीच्या बियांनी खेळतात. या दोन्ही झाडांची पाने, फुले, बिया सगळेच विषारी. विष हृदयाच्या ठोक्यांवर जाते. मुलाने काही चावल्याची नुसती शंका आली तरी दूध, तूप पाजण्यात किंवा मिठाच्या पाण्याने उलटी करवण्यात वेळ घालवू नये. झाडाची डहाळी सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे. मूल हसत-खेळत असले तरीही.

गुरुजींची जखम भरायला सात आठवडे लागले. त्या काळात त्यांना अंगणात जायची बंदी होती. काकूंनी मे फ्लॉवरची कुंडी उचलून खिडकीत आणून ठेवली. या वर्षी ते चप्पल घालून, गुलबक्षीच्या वेळेला बाहेर पडतात. सदाफुली मी त्यांना उपटू दिली नाही.